वन्संचं ‘आपण’

मी जिन्यावरून पडले तेव्हा दुपार होती, आणि माझे यजमान मला खालून हाक मारीत होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं लोटली आहेत, हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. परंतु दुपारी दुकान मिटून काचेवरचा पडदा ओढला, की आमच्या घरातला उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा पातळ होतो, आणि त्या उजेडात कोण आहे व कोण नाही याची फारशी चौकशी करावीशी वाटत नाही. ‘अगं, ऐकलंस का?’ असं त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं. मी ‘आले’ म्हणाले, उठले, जिना उतरले, आणि शेवटची पायरी संपली अशा समजुतीनं पाऊल पुढे टाकलं. ती संपलेली नव्हती.

वन्सं मागोमाग उतरून आल्या. वन्सं म्हणजे माझी नणंद. साऱ्या जगाला त्या चिमी म्हणून माहीत आहेत. सत्तरी आली तरी चिमीच. त्यांची बुद्धी लहान मुलीच्या वयात एका जागी बसली ती पुन्हा उठली नाही, म्हणून काल जन्मलेली पोरंसुद्धा त्यांना ‘अगं चिमी’ करतात. मी करीत नाही. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा त्या फ्रॉक घालून दारामागे उभ्या होत्या, आणि त्या दिवसापासून आजतागायत मी त्यांना वन्संच म्हणते व अहोजाहोच करते. यजमानांची बहीण ती नणंद. तिला किती कळतं यावर ते नातं अवलंबून नसतं.

तर वन्सं आल्या, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, वर जाऊन उशी आणली आणि माझ्या डोक्याखाली सरकवली. मग माझ्या शेजारी, दुकानाच्या गार फरशीवर, त्याही आडव्या झाल्या.

‘आपण पडलो,’ त्या म्हणाल्या.

‘आपण नाही, वन्सं. मी पडले. तुम्ही उठा आणि बाहेर जाऊन कुणाला तरी बोलवा.’

‘आपल्याला उठता येत नाही,’ त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, आणि माझा धड असलेला हात त्यांनी हातात घेतला.

आमचं दुकान बटणांचं आहे. बटणं, लेस, रिळं, हुक, काखेत लावायच्या पट्ट्या. भिंतभर छोटे खण आहेत आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचं एकेक बटण शिवलेलं आहे. फरशीवरून ती भिंत मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. बटणांच्या रांगा वर वर जात अंधारात विरघळल्या होत्या आणि ती सगळी आमच्याकडे बघत होती. दोन भोकांचं बटण झोपलेलं असतं आणि चार भोकांचं जागं, असं वन्संचं मत आहे. ‘जागी आहेत,’ वन्सं कुजबुजल्या. मला दुखत होतं की नाही, ते आता आठवत नाही. आम्ही दोघी पाण्याच्या तळाशी पडलो आहोत आणि वरून माणसांची पावलं होड्यांसारखी सरकत आहेत, एवढं मात्र आठवतं.

अस्तरासाठी रिळं घ्यायला आलेल्या शिंपीणबाईंनी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं म्हणून आम्ही सापडलो. त्या घाबरून ओरडल्या, ‘अगं बाई, दोघी गेल्या!’

‘कुठेही गेलेलो नाही,’ मी आतून सांगितलं. ‘दार ढकला. कडी लागत नाही.’

वन्संच्या त्या ‘आपण’विषयी सांगायला हवं. लहान मुलांशी आपण बोलतो ना, चला, आपण आता दूध पिऊ या, आपण आता आंघोळ करू या. दूध पिणारं एकटं मूलच असतं. माझ्या सासूबाई वन्संशी तसं बोलायच्या, आणि वन्सं त्या बोलण्यातून कधी बाहेर आल्याच नाहीत. ‘मी’ हा शब्द त्यांना सापडला नाही. भूक लागली की ‘आपल्याला भूक लागली’, दात दुखला की ‘आपला दात दुखतो’. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. उलट त्यांचा दात दुखला की जिभेनं मी माझाच दात चाचपून बघत असे.

पण मनगटाला प्लास्टर घालून घेताना, दवाखान्यातल्या पांढऱ्या छताकडे बघत असताना, तो शब्द मला एकदम नव्यानं ऐकू आला. आज मी पडले तर त्या शेजारी आडव्या झाल्या. उद्या मी गेले तर त्या काय म्हणतील? आपण गेलो, असं म्हणतील. उशी आणतील आणि शेजारी येऊन झोपतील. आणि तुम्ही गेलेल्या नाहीत, वन्सं, तुम्ही आहात, उठा, असं त्यांना सांगायला त्या घरात कोणीही नसेल.

दुसऱ्या गावाहून मुलगा आला, सूनबाई आली. मुलगा माझ्यासारखा नाही. वडिलांसारखा मऊ आहे. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, ‘आई, आता पुरे. दुकान बंद कर आणि आमच्याकडे चल.’

‘आणि वन्सं?’

‘आत्याची काहीतरी सोय करू.’

‘सोय सामानाची करतात. माणसाची सोय म्हणजे काय रे? माळ्यावर ठेवणार आहेस का त्यांना?’

‘तू लगेच शब्दात पकडतेस.’

‘मग निसटणार नाहीस असे शब्द वापर.’

सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ‘अहो, तुम्ही जरा गप्प बसा. आई, यांना जे विचारायचंय ते यांच्या तोंडून निघणार नाही, म्हणून मी विचारते. तुमच्या मागे आत्यांचं काय? प्रश्न तो आहे. मनगटाचा नाही.’

‘माझ्या तोंडावर माझ्या मरणाचं बोलतेस?’

‘तुमच्या पाठीमागे बोललेलं तुम्हाला चाललं असतं का?’

नसतं चाललं. सुनेची स्तुती करायची आमच्या पिढीला सवय नाही आणि ती मी आता लावून घेणार नाही. पण त्या दिवशी मी तिला माझ्या खुर्चीसमोर बसवून घेतलं. मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला. वन्सं जिन्याच्या पायरीवर बसून, झोपलेली बटणं एका वाटीत आणि जागी दुसऱ्या वाटीत टाकत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, ‘आपण कुठे जाणार?’



सूनबाईनं चौकशी करून एक कार्यालय शोधलं. मी, ती आणि वन्सं, तिघी गेलो. लांबलचक दालन होतं आणि त्यात शेजारी शेजारी दोन खिडक्या. एका काचेवर लिहिलं होतं ‘ज्येष्ठ नागरिक’ आणि दुसरीवर ‘बौद्धिक दिव्यांग’. आम्ही पहिल्या खिडकीशी उभ्या राहिलो. आतल्या गृहस्थांनी वन्संकडे पाहिलं, कागद पाहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘आजी, यांना समज कमी आहे ना? मग पलीकडची खिडकी.’ पलीकडच्या बाईंनी वय विचारलं. सांगितलं. ‘अरे बापरे! मग या ज्येष्ठांत येतात. अलीकडची खिडकी.’ अलीकडच्यांनी पुन्हा पलीकडे पाठवलं. वन्संना हा खेळ फार आवडला. त्या प्रत्येक खिडकीशी वाकून ‘आपण आलो!’ असं आनंदानं सांगू लागल्या. दालनातले लोक हसायला लागले. मला हसू येत नव्हतं.

‘ऐका,’ मी म्हणाले. मोठा आवाज करावा लागत नाही. दुकानात उभं आयुष्य काढलं की तो लागतच नाही. ‘या वयानं म्हाताऱ्या आहेत आणि बुद्धीनं लहान आहेत. दोन्ही एकाच देहात आहे. मधोमध कापून अर्ध्या अर्ध्या देऊ का तुम्हाला?’

‘आई,’ सूनबाई हळूच म्हणाली, ‘ते बिचारे नोकर आहेत.’

‘मीही गिऱ्हाईकच आहे. ती खुर्ची इकडे आण.’

दोन्ही खिडक्यांच्या बरोबर मध्ये खुर्ची मांडून मी बसले. तुम्ही दोघं आपसांत ठरवा, म्हणाले, मला घाई नाही. बसल्या बसल्या त्या दालनातला उजेडही आमच्या दुपारच्या उजेडासारखा पातळ होऊ लागला, रांगेतली माणसं पाण्यातल्या वेलींसारखी डुलू लागली, आणि मी डोळे मिटले असावेत. कारण उघडले तेव्हा दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं. ते आधीही असणारच. त्यातून एक मध्यम वयाच्या बाई बाहेर आल्या होत्या. त्यांचा एक चष्मा नाकावर होता आणि एक केसांत.

‘आपल्याला चार डोळे!’ वन्सं म्हणाल्या.

‘हो ना,’ त्या बाई म्हणाल्या. ‘आणि तरी रोज दोन हरवतात.’

तिथपासून त्या आमच्या घरात चारडोळ्या बाई झाल्या. त्या माझ्यासमोर न बसता वन्संसमोर उकिडव्या बसल्या. माझ्या लक्षात आलं, आणि मला ते रुचलं नाही.

‘तुम्हाला काय आवडतं?’

‘आपल्याला बटणं आवडतात.’

‘आणि राहायला कुणाबरोबर आवडेल?’

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ‘आपल्याबरोबर,’ त्या म्हणाल्या.

चारडोळ्या बाई लिहिता लिहिता थांबल्या. ‘आजी, म्हणजे तुमच्याबरोबर, की स्वतःच्या स्वतः?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्यापाशी उत्तर नाही असं मला आढळून आलं. इतकी वर्षं एका ताटलीतून बिस्किटं खाल्ली, आणि हे मला माहीत नव्हतं. आपण. आपल्याबरोबर. त्या शब्दात आम्ही दोघी होतो की एकट्या वन्सं होत्या, की एकही बाई नीटशी नव्हती, कोण सांगणार?

‘बरं, राहू दे,’ त्या बाई मृदूपणे म्हणाल्या. ‘आणि तुम्हाला स्वतःला काय मदत लागेल?’

‘मला? मी मदत मागायला आलेली नाही. मी व्यवस्था लावायला आले आहे.’

‘मनगट दुखतं का?’

‘नाही.’

‘नाही कसं? काल झाकण उघडता येईना म्हणून बरणी भिंतीवर आपटली यांनी,’ सूनबाई म्हणाली. तिला घरी गेल्यावर बघायचं, असं मी ठरवलं, आणि नंतर विसरले.

कालव्याच्या काठी एक घर होतं. थोडीच माणसं, सगळी उतारवयाची, सगळी वन्संसारखी हळू समजणारी, आणि रात्रंदिवस त्यांच्याबरोबर राहणाऱ्या एक मावशी. आधी काही दिवस राहून बघू द्या, चारडोळ्या बाई म्हणाल्या, नाही रमल्या तर परत न्या. मी होकार दिला तो त्या नाही रमणार या खात्रीनं, असं सूनबाई म्हणते. तिला म्हणू दे.

आम्ही वन्संना सोडायला गेलो त्या सकाळी इतकं धुकं होतं की कालवा दिसत नव्हता, नुसता वास येत होता. घर एकदम समोर आलं, जणू कोणी आमच्यासाठी तेवढ्यात मांडून ठेवलं असावं. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. टपालाच्या पिशव्या वाहण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि अजूनही ते एका खांद्यानं कललेले चालत. ‘या,’ ते रुबाबात म्हणाले. ‘आम्ही टपालवाले. आम्हीच दार उघडतो.’ आत एक लठ्ठशा बाई खिडकीत बसून सतत काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना सगळे गुणगुणबाईच म्हणत. मावशी भाजी चिरत होत्या, त्यांनी सुरी ठेवून वन्संचा हात हातात घेतला. खोली स्वच्छ होती. खाट, खुर्ची, खणांचं कपाट. वन्संनी एकेक खण ओढून पाहिला. सगळे रिकामे.

‘इथे आपलं काही नाही,’ त्या म्हणाल्या. मग, ‘वहिनी, आपण कधी जायचं?’

‘तुम्ही राहायचं, वन्सं. मी जायचं.’

हे वाक्य मी वाटेत मोठ्या कष्टानं जुळवलं होतं. त्यात दोन कर्ते होते. वन्संनी ते ऐकलं आणि माझ्या तोंडाकडे तशाच बघत राहिल्या, वाक्याचा उरलेला भाग अजून यायचा आहे अशा. मी निघाले. दार टपालवाल्यांनी लावलं.

घरी आले, आणि पहिल्याच दुपारी मला एक चमत्कारिक गोष्ट कळली. पडदा ओढला, जिन्यावर बसले, उजेड पातळ होण्याची वाट पाहिली. झाला. पण कोणी हाक मारली नाही. यजमान नव्हते, सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या नाहीत. वन्संच्या लेखी घरातलं कोणी मेलेलं नाही. ‘दादा आत आहेत,’ ‘आई आत आहे,’ असं त्या वाटसरूंनाही सांगतात. मला वाटत होतं की ती त्यांची समजूत आहे आणि माझी ती दुपारची गुंगी आहे. तसं नव्हतं. माझी सगळी मेलेली माणसं वन्संनी सांभाळून ठेवली होती, आणि जाताना त्यांच्याबरोबरच ती निघून गेली होती. बटणं नुसती बटणं होती. झोपलेलीही नाहीत, जागीही नाहीत.

एका संध्याकाळी मी मोठ्यानं म्हणाले, ‘चला, आपण चहा घेऊ या.’ आणि एक कप केला.

ठरलेल्या दिवसाची वाट न बघता मी सूनबाईला बोलावून घेतलं आणि कालव्याकाठी निघाले. मनात चित्र स्पष्ट होतं. वन्सं दाराशीच असतील, डोळे सुजलेले असतील, मी दिसताच माझा हात धरतील; मी मावशींचे आभार मानीन आणि पिशवी भरायला सांगीन. त्यानंतरचं चित्र नव्हतं. त्यानंतर ती फरशी होती आणि ती उशी होती, आणि तिकडे मी बघत नव्हते.

दार वन्संनी उघडलं. टपालवाले मागे उभे राहून बघत होते. त्यांनी आपला अधिकार सोडून दिलेला दिसला. वन्संच्या अंगात मी कधी न पाहिलेला निळा ॲप्रन होता.

‘वहिनी! तुम्ही?’

‘मी. जेवलात का?’

‘आम्ही जेवलो,’ वन्सं म्हणाल्या.

मी उंबऱ्याच्या बाहेर होते, आणि माझा एक पाय उचललेला होता. ज्याची भाषा आपली आहे त्याला हे सांगायला नको, पण मला त्या क्षणी ते नव्यानं शिकावं लागलं: ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा माणूस शब्दाच्या आत येतो, आणि ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. सत्तर वर्षांच्या त्या बाईनं माझ्या देखत पहिल्यांदाच शब्दाचं दार लावून घेतलं होतं, आणि मी बाहेर होते.

‘आम्ही म्हणजे कोण?’ मी विचारलं.

‘आम्ही,’ वन्संनी हात फिरवून दाखवलं. टपालवाले, खिडकीतल्या गुणगुणबाई, चुलीशी मावशी. ‘तुम्ही नाही. तुम्ही आत्ता आलात.’

‘आई, आत चला, बसा,’ सूनबाई म्हणाली, आणि तिनं माझ्या कोपराला हात लावला. मी तो झटकला नाही.

बसल्यावर मला शंका आली. टपालवाले स्वतःला एकट्यालाही ‘आम्ही’च म्हणत होते: आम्हाला साखर कमी, आम्ही अंघोळ केली, आम्ही घोरत नाही. वन्संनी ऐकून ऐकून नुसता तो शब्द उचलला असेल. पोपटही उचलतो. मी शाल खांद्यावर ओढून घेतली आणि वाट पाहिली. घरी असत्या तर म्हणाल्या असत्या, आपल्याला थंडी वाजते. आणि स्वतःच्या अंगावरही शाल ओढली असती.

‘तुम्हाला थंडी वाजते?’ वन्संनी विचारलं. त्या उठल्या, खिडकी लावली, परत येऊन बसल्या. त्यांच्या स्वतःच्या अंगात पातळ सुती झगा होता. त्यांना थंडी वाजत नव्हती.

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं.

‘वन्सं, मी पडले तर?’

‘मावशींना हाक मारायची,’ त्या लगेच म्हणाल्या. ‘मोठ्यानं. खाली नाही झोपायचं.’

‘तालीम केलीय,’ मावशी चुलीपासून म्हणाल्या. ‘टपालवाले पडायचं काम करतात. त्यांना आवडतं.’

‘आम्ही उत्तम पडतो,’ टपालवाले म्हणाले.

‘आणि मी मेले तर?’

‘आई!’ सूनबाई ओरडली. गुणगुणबाईंचं गाणंदेखील थांबलं.

वन्संनी विचार केला. त्या विचार करतात तेव्हा त्यांचा खालचा ओठ पुढे येतो, अगदी माझ्या यजमानांसारखा. बाहेर धुकं पुन्हा खिडकीला येऊन टेकलं होतं आणि खोलीतली सगळी माणसं मऊ, कडा नसलेली दिसत होती, जणू कोणीतरी त्यांना अजून पुरतं काढलेलं नव्हतं. एकट्या वन्सं तेवढ्या ठळक होत्या.

‘तुम्ही दादांकडे,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही इथे.’

‘आम्ही रडू,’ टपालवाल्यांनी मला आश्वासन दिलं. ‘काळजी नसावी.’

मी मान हलवली. थोड्या वेळानं वन्संच उठल्या, ॲप्रनला हात पुसले आणि मला दारापर्यंत पोचवायला आल्या. आम्ही निघायचं ठरवलं नव्हतं, त्यांनी ठरवलं होतं. भांडी घासायची त्यांची पाळी होती. पायरीवर त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी फोन करून या, वहिनी. आम्ही कधी कधी बाहेर असतो.’

आमची गाडी कालवा सोडून मोठ्या रस्त्याला लागली.

‘आई, काहीतरी बोला ना,’ शेवटी सूनबाई म्हणाली.

‘काय बोलू? मला दाराबाहेर काढलं.’

‘कुणी?’

‘माझ्या नणंदेनं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नणंदेसारख्या वागल्या.’

सूनबाईनं वळून बघितलं. मी रडते आहे असं तिला वाटलं असावं. मी हसत होते. हसताना मनगट दुखत होतं, आणि दुखतं असं मी तिला सांगितलं. मग हेही सांगितलं, की त्या चारडोळ्या बाईंना विचार, सकाळच्या वेळी घरी येणारं कोणी असेल तर एकदा पाठवून बघा म्हणावं. माझ्या अटींवर.

‘अटी काय?’

‘ती आल्यावर सांगीन.’

सकाळची बाई आता येते. जिन्याला तिनं सांगून सांगून कठडा बसवून घेतला, आणि माझ्या अटींपैकी एकही ती पाळत नाही. आज ती वर पाणी तापवत असताना मी दुकानातल्या फोनपाशी बसले आणि कालव्याकाठी फोन लावला. टपालवाल्यांनी उचलला.

‘आम्ही बोलतोय. आपण कोण?’

‘मी वन्संची वहिनी. रविवारी यायचं होतं. आलं तर चालेल का, ते विचारा.’

‘विचारून सांगतो. आपण थांबा,’ ते म्हणाले, आणि रिसीव्हर कुठेतरी टेकवून निघून गेले.

मी कानाला लावून बसून राहिले. दूर ताटं एकमेकांवर ठेवल्याचा आवाज आला. कोणीतरी खुर्ची ओढली. गुणगुणबाईंचं गाणं जवळ आलं आणि लांब गेलं. रविवार कुणाच्या पाळीचा यावर वाद चालला होता, आणि त्यात वन्संचा आवाज सगळ्यांत वर होता: नाही, रविवारी आम्ही कालव्यावर जातो, मग परत येतो, मग चालेल. मावशी हसल्या. नळ सुरू झाला, बंद झाला. मी तिथे नव्हते, आणि तिथे सगळं चालू होतं. पडद्यामागून येणारा सकाळचा उजेड भिंतीवरच्या खणांवरून हळूहळू खाली उतरत होता. कोणी यावं आणि फोन उचलावा, अशी मला मुळीच घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं कोणीतरी जोरात श्वास घेत रिसीव्हर उचलला.

‘कोण बोलतंय?’ वन्संनी विचारलं.

‘मी, वन्सं.’

‘रविवारी या. जेवायलाच या. पण उशीर करू नका.’

‘बरं,’ मी म्हणाले.